सिझरनंतरचे सहा आठवडे : नागपूरच्या घरात काय पाळायचं, काय सोडायचं

बाळंतपण कसं करायचं हे नागपूरच्या घरांना शिकवावं लागत नाही. डिंक कुठल्या दुकानातून आणायचा, अळीव किती भिजवायचे, मालिशवाली बाई कोणाच्या ओळखीची, हे सगळं सातव्या महिन्यातच ठरलेलं असतं. पंचाईत होते ती सिझर झालं की. मग घरी बाळंतीण येते आणि पोटाचं मोठं ऑपरेशन झालेली एक पेशंटही येते, आणि त्या दोघी म्हणजे एकच बाई असते. बाळंतिणीचं सगळं घरच्यांना पाठ असतं. पेशंटचं मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही. "हिले तर कळाच नाही आल्या बाप्पा, आरामात सुटली," असं म्हणणारी एखादी मामी प्रत्येक घरात निघतेच.

आरामात वगैरे काही नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, म्हणजे चारातली एक. इतकं सर्रास होतं म्हणून ते किरकोळ वाटायला लागलंय, एवढंच. हा लेख पहिलटकरणीसाठी आहे आणि तिच्या उशाशी बसणाऱ्या बाईसाठीही. तुमच्या डॉक्टरांनी कार्डावर काही वेगळं लिहून दिलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐकायचं.

पहिला दिवस

बहुतेक सिझर पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून होतात. बाहेर आणल्यावर अंग थरथर कापतं, दात वाजतात, कधी नाकाला आणि अंगाला खाज सुटते. घरचे घाबरतात, पण हे इंजेक्शनमुळे होतं आणि काही तासांत जातं. पाय जड आणि परक्यासारखे वाटतात. दोन-चार तासांनी बोटं हलायला लागतात, आणि दुखायलाही तेव्हाच लागतं. दुखणं चढायच्या आधीच सिस्टरला सांगा. "दूध पाजायचं आहे, गोळ्या कशाला," म्हणून सोसत बसू नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारखी नेहमीची औषधं दूध पाजणाऱ्या आईला चालतात. जिला दुखतं ती उठत नाही, खोकत नाही, बाळाला नीट धरत नाही, आणि पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

लघवीची नळी साधारण बारा ते चोवीस तास असते. ती काढल्यावर पाच-सहा तासांत स्वतःहून लघवी झाली पाहिजे. नाही झाली तर लाजू नका, सांगा. पाय सुटे झाले की पडल्या पडल्याच घोटे वर-खाली करत राहा. बाळंतपणानंतर पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो आणि ऑपरेशनने आणखी वाढतो.

सिस्टर अधूनमधून येऊन पोट दाबून बघते. दुखतं, राग येतो, पण गर्भाशय आकसतंय की नाही हे तिला हातानेच कळतं. आणि हो, सिझर झालं तरी अंगावरून रक्त जातंच. "ऑपरेशनमध्ये सगळं साफ करतात, मग रक्त कशाला जाईल," असा एक समज आहे. वार जिथून सुटली तिथली जखम भरेपर्यंत स्राव होत राहतो. आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरा असा तो सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतो. पॅडच वापरायचे, आत घालायचं काहीही नाही.

पहिल्यांदा उठताना

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. दवाखान्यात बाया बिछान्यावरून सरळ उठायला बघतात. आई दोन्ही हात धरून ओढते, नवरा पाठीला टेका देतो, आणि बाईच्या तोंडून किंकाळी निघते. सरळ उठताना सगळा ताण पोटाच्या नेमक्या त्याच स्नायूंवर येतो ज्यांना आत्ताच धक्का बसलाय.

उठायचं ते असं. आधी दोन्ही गुडघे मुडपून घ्या. खांदे आणि कंबर एकत्रच वळवत कुशीवर व्हा, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. पलंगाच्या कडेशी सरका. पाय कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताच्या कोपरावर व वरच्या हाताच्या तळव्यावर जोर देऊन धड वर आणा. पोटाला काही करू द्यायचं नाही, काम हातांचं आहे. बसल्यावर लगेच उभं राहू नका. पाच-दहा श्वास घ्या, चक्कर येते का बघा. मग कोणाचा तरी हात धरून उभ्या राहा. सुरुवातीला कमरेतून वाकून चालावंसं वाटतं, टाके उसवतील अशी भीती असते. ते असे उसवत नाहीत. हळूहळू पाठ सरळ करा.

झोपताना हेच उलट्या क्रमाने. पुढचे तीन-चार आठवडे प्रत्येक वेळी असंच, रात्री बाळ रडलं म्हणून घाईत उठतानासुद्धा. खरं तर तेव्हाच जास्त.

पहिलं उठणं त्याच दिवशी संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायला हवं. "आजच्या दिवस राहू द्या तिला," असं म्हणून माया दाखवणाऱ्या आत्याबाईंना चहा प्यायला खाली पाठवून द्या. चालल्याने वायू सरतो, आणि सिझरनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बायकांना टाक्यांपेक्षा पोटात धरलेला वायूच जास्त छळतो. कधी कधी तो खांद्यात दुखतो आणि घाबरायला होतं. खोकताना, शिंकताना, हसताना छोटी उशी टाक्यावर दोन्ही हातांनी दाबून धरायची. ही उशी घरीही लागेल.

पाठीतल्या इंजेक्शनचा एक त्रास मात्र सांगायलाच हवा. काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखतं, आणि ते बसलं-उठलं की वाढतं, आडवं पडलं की कमी होतं. हे साधं डोकं दुखणं नाही. भुलीच्या डॉक्टरांना कळवा, त्यावर उपाय आहे. पण पुढे वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कमरेचं खापर लोक त्याच इंजेक्शनवर फोडतात, त्यात तथ्य सापडलेलं नाही. कंबर दुखते ती ढिल्या पडलेल्या पोटाच्या स्नायूंमुळे आणि वाकून-वाकून दूध पाजण्यामुळे.

सुट्टी होण्याआधी

खाजगी दवाखान्यात तीन ते पाच दिवसांत सुट्टी होते. मेडिकल, मेयो किंवा डागा अशा सरकारी रुग्णालयात बाळंत झाला असाल तर २०११ पासून लागू असलेला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम माहीत असू द्या. त्यात सिझर, औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, सिझरवालीला सात दिवसांपर्यंत जेवण आणि घरी सोडायला गाडी हे सगळं मोफत आहे. हा उपकार नव्हे, हक्क आहे. १०२ ची गाडी मागायला संकोच करू नका. उमरेड, काटोल, रामटेककडे जायचं असेल तर ती गाडी म्हणजे मोठीच सोय.

निघताना कार्ड हातात घेऊन चार गोष्टी विचारा: टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायचे, काढायचे तर कोणत्या दिवशी, पट्टी कधी काढायची, आणि रक्तदाब परत कधी तपासायचा. गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ते बाळंतपणानंतरही काही आठवडे वर जाऊ शकतं.

घरी जाताना टू-व्हीलर नको, ई-रिक्षाही नको. आपल्या वस्त्यांतले स्पीड ब्रेकर कोणी कुठे टाकून ठेवलेत त्यालाच माहीत. कारमध्ये मागे बसा, बेल्टचा खालचा पट्टा टाक्याच्या खाली मांड्यांवर राहील असा लावा, आणि टाक्याशी घडी केलेला टॉवेल ठेवा.

टाके

वरून दिसते ती दहा-पंधरा सेंटिमीटरची आडवी रेघ. आत मात्र थरावर थर शिवलेले असतात: गर्भाशय, स्नायूंवरचा जाड पडदा, चरबी, कातडी. कातडी दोन आठवड्यांत जुळलेली दिसते म्हणून सगळ्यांना वाटतं झालं, बरी झाली. आतल्या पडद्याला कामापुरती ताकद यायलाच सहा आठवडे लागतात आणि पुढे काही महिने तो भक्कम होत राहतो. त्यामुळे "बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही" हा नियम सहा आठवड्यांचा आहे. पाण्याची बादली, भरलेला कुकर, कूलरमध्ये ओतायच्या पाण्याची बकेट, आणि कडेवर यायला हट्ट करणारं मोठं पोरगं, सगळं यात आलं. मोठ्याला जवळ घ्यायचं तर तुम्ही पलंगावर बसा आणि त्याला शेजारी चढू द्या.

डॉक्टरांनी अंघोळीची परवानगी दिली की टाक्यावरून साधं पाणी वाहू दिलं तरी चालतं. साबण घासायचा नाही. स्वच्छ, मऊ कपड्याने टिपून पूर्ण कोरडं करायचं. हळद, तेल, पावडर, राख, कोणाचं घरगुती मलम, काहीही लावायचं नाही. मे महिन्यात आणि पावसाळ्याच्या उकाड्यात पोटाची घडी टाक्यावर लोंबते, तिथे घाम साचतो आणि जखम ओली राहते. दिवसातून दोन-तीनदा आडवं पडून ती घडी वर उचला, पंख्याखाली वाळू द्या. उभं असताना घडीत धुतलेला सुती रुमाल ठेवा, ओला झाला की बदला. एवढ्याने बरीच दुखणी टळतात.

साडीच्या परकराची नाडी आणि छोट्या चड्डीचं इलॅस्टिक बरोबर टाक्यावर येतं. महिनाभर गाऊन घाला आणि आतले कपडे दोन साइज मोठे, बेंबीपर्यंत येणारे घ्या. पाचवीच्या पूजेला, बारशाला साडी नेसवायचीच असेल तर तासाभरापुरती, आणि पाटावर नाही, खुर्चीवर बसून. सटवाईला खुर्ची चालते.

टाक्याच्या आसपास बधिर वाटणं, मधूनच मुंग्या किंवा चमक येणं हे काही महिने राहतं. कापलेल्या बारीक नसा पुन्हा वाढताना असं होतं.

"भात खाल्ला की टाके पिकतात", "आंबट खाल्लं की पू होतो" हे तुम्ही हमखास ऐकाल. टाके पिकतात ते जंतूंमुळे. ओलावा, वाढलेली साखर आणि अंगात रक्त कमी असणं त्यांना मदत करतं. वरण-भाताचा त्यात काही दोष नाही.

शेक, मालिश, पोट बांधणं

इथे वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

शेगडी. जुन्या घरांत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शोपांची धुरी आणि दारं-खिडक्या बंद, असा शेक असतो. बंद खोलीत जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो, आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. धूर तर बाळाच्या छातीला वाईटच. त्यात सिझरवालीचा खास मुद्दा असा, की टाक्याभोवतीची कातडी बधिर असते. चटका बसतोय हे तिला कळतच नाही आणि फोड आल्यावर लक्षात येतं. म्हणून पोटाला गरम पिशवी नाही, कपड्याचा शेक नाही. कमरेला, पाठीला कोमट पिशवी चालेल. सासूबाईंना "नको" म्हणायचं अवघड जात असेल तर डॉक्टरांकडून कार्डावर लिहूनच आणा, "शेक देऊ नये". लिहिलेल्या कागदापुढे कोणी वाद घालत नाही.

मालिश मात्र वाईट नाही. हात, पाय, खांदे, पाठ चोळून घेतल्याने झोप लागते, आणि दिवसभरात तेवढा एकच अर्धा तास कोणीतरी बाळाकडे नाही तर तुमच्याकडे बघत असतं. आठवड्याभराने सुरू करा. पालथं झोपून नाही, कुशीवर. पोटाला सहा आठवडे हात लावू द्यायचा नाही, मालिशवाली बाई कितीही म्हणो की "म्या शंभर सिझरवाल्या पाहिल्या". एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजलेला, पोटरी गरम आणि दुखरी असेल तर तो पाय चोळायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. ती रक्ताची गाठ असू शकते.

पोट बांधणं. जुन्या लुगड्याने करकचून बांधल्याने पोट आत जात नाही. गर्भाशय स्वतःच आकसून सहा आठवड्यांत मूळ आकाराकडे येतं. घट्ट बांधलं तर श्वास वरवर होतो, खालच्या बाजूला दाब पडतो आणि टाका घामेजतो. दवाखान्यातला रुंद पट्टा वेगळा. चालताना आधार वाटतो म्हणून लावावा, झोपताना काढावा. ज्यांना नको वाटतो त्यांनी नाही लावला तरी काही बिघडत नाही.

पाणी, ऊन आणि ताट

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही रीत कुठून आली कोण जाणे, पण पारा ४५ वर जाणाऱ्या गावात ती पाळणं म्हणजे छळ आहे. दूध पाजणाऱ्या बाईला दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी लागतं, नवतपात त्याहून जास्त. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ, लघवीला जळजळ, डोकेदुखी आणि थकवा. साधा नियम करा: बाळाला पाजायला बसलं की शेजारी भरलेला तांब्या हवा. माठातलं पाणी चालतं, ताक चालतं, लिंबू सरबत चालतं. "थंडं पिलं की बाळाले सर्दी होते," असं होत नाही. दूध आईच्या अंगच्या तापमानाचंच येतं.

कूलर लावावा की नाही? लावावा. कोंडलेल्या खोलीत आई-बाळ दोघंही घामाघूम होतात, बाळाला घामोळं येतं आणि तुमचा टाका ओला राहतो. वारा थेट बाळावर येऊ देऊ नका, खिडकी थोडी उघडी ठेवा आणि कूलरचं पाणी तुंबू देऊ नका, त्यात डास होतात. पावसाळ्यात कूलरने दमटपणा वाढतो, तेव्हा नुसता पंखा बरा. एसी असेल तर २५-२७ वर ठेवा. कानाला फडकं बांधणं डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ठीक आहे. मे महिन्यात फडक्याची गरज नाही.

लाडवांना माझा अजिबात विरोध नाही. अळिवात लोह असतं, डिंक-खोबरं-खारीक-तुपात भरपूर ताकद असते, आणि रात्री तीन वाजता दूध पाजून झाल्यावर लागणाऱ्या भुकेवर लाडवासारखा उपाय नाही. फक्त दिवसाला एक-दोन पुरे. गरोदरपणात साखर वाढली असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा, आणि सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान साखरेची तपासणी परत करून घ्या. तुपात बुडालेलं पण भाजी-फळांशिवायचं ताट हीच आपल्याकडच्या बाळंतपणाची खोड आहे. टाके भरायला प्रथिनं लागतात: वरण, मूग, मठ, दही, पनीर, खात असाल तर अंडी-मासे-चिकन. सावजी रस्सा मात्र महिनाभर लांबच ठेवा. बाळाला काही होणार नाही, पण तुमचं पोट आणि टाका दोघंही तक्रार करतील.

आणि संत्रं. नागपुरात राहून बाळंतिणीला संत्रं वर्ज्य, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते, ती संत्र्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्या. चहासोबत घेऊ नका, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही.

पहिल्या शौचाची सगळ्यांना धास्ती असते. जोर लावायचा नाही. पपई, भिजवलेले अंजीर, भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी. तरीही नाही झाली तर डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध किंवा इसबगोल. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर पहिले दोन-तीन आठवडे कमोड खुर्ची भाड्याने आणा. सर्जिकलच्या दुकानांत मिळते.

दूध

सिझरनंतर दूध येत नाही, हा गैरसमज आहे. उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळा चीक थोडाच असतो आणि बाळाच्या इवल्या पोटाला तेवढाच लागतो. भुलीचा अंमल असतानाही कोणीतरी बाळ धरून पहिल्या तासात छातीशी लावू शकतं, तसं आधीच सांगून ठेवा. "दूध नाही तिले" हे शब्द बाळंतिणीच्या कानावर पडू देऊ नका. जितक्या वेळा बाळ ओढेल तितकं दूध वाढतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचंच आहे.

पोटावर भार न येता पाजण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, कुशीवर झोपून, बाळ समोरासमोर, पाठीमागे उशी. पाजून झाल्यावर झोप यायच्या आत बाळाला वेगळ्या जागी उताणं ठेवायचं. दुसरी, बसून, बाळ काखेखाली उशीवर, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे. जमिनीवर मांडी घालून बसू नका, पाठीला टेका असलेल्या खुर्चीवर बसा आणि पायाखाली पाट घ्या. पाजताना पोटात कळ येईल, ती गर्भाशय आकसल्याची. मध, गुटी, साखरपाणी, जन्मघुटी काही नको. सहा महिने फक्त दूध, पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. दुधातच पाणी असतं.

रडू येतं तेव्हा

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू फुटतं. बाळ छान, नवरा जवळ, आईने आवडीची भाजी केलेली, आणि तरी डोळे भरून येतात. हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. सिझरवालीच्या मनात जास्तीची एक बोच असते: "मला नॉर्मल जमलं नाही." त्यावर मामी, काकू तेल ओततात. बाळ कोणत्या वाटेने आलं यावर आईपण मोजलं जात नाही. हे नवऱ्याने पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणायचं असतं, एकांतात नाही.

दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, बाळ परकं वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, सगळं संपवावंसं वाटत असेल, तर हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. बाई असंबद्ध बोलायला लागली, भास व्हायला लागले, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचं बोलू लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि तोवर एकटं सोडू नका. "बाहेरचं झालं" म्हणून अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नका.

हे दिसलं की वाट पाहायची नाही

हा भाग फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका:

- तासाभरात पॅड पूर्ण भिजतोय, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडताहेत.
- ताप १००.४ किंवा जास्त, थंडी वाजून येतेय.
- टाका लाल, गरम, फुगलेला. पू, वास, किंवा कुठे उघडल्यासारखा.
- स्रावाला घाण वास, किंवा पोटदुखी कमी होण्याऐवजी रोज वाढतेय.
- जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, झटके.
- एका पायाची पोटरी सुजलेली, दुखरी. दम लागतोय, छातीत दुखतंय.

दम लागणं, झटके आणि धो-धो रक्त यांना १०८ लावायचा, ओळखीच्या डॉक्टरांचा फोन लागायची वाट बघायची नाही. रात्रीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात जायचं, गाडी कोण चालवणार, बाळापाशी कोण थांबणार, हे घरी आल्याच दिवशी ठरवून ठेवा.

बाकीचे दिवस

आशाताई घरी येतात. सिझर झालेल्यांकडे साधारण सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या पाच भेटी असतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, टाका दाखवा, शंका विचारा. पाहुण्यांना मात्र जरूर परत पाठवा. बाळ बघायला येणारे बाळ बघतात, चहा पितात, आणि रात्रभर जागलेली बाई त्यांच्यासाठी दीड तास ताठ बसून राहते. खोकणाऱ्याला तर खोलीत येऊच देऊ नका.

"सव्वा महिना खोलीबाहेर पडायचं नाही" ही रीत आरामासाठी घ्या, बिछान्यासाठी नको. रोज घरातल्या घरात चाला, पाच मिनिटांपासून वाढवत न्या. लघवी अडवल्यासारखं खालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम पहिल्या आठवड्यातही पडल्या पडल्या करता येतो. जिना दिवसातून एक-दोनदा, कठड्याला धरून, सावकाश चढायला हरकत नाही. पोटाचे व्यायाम, धावणं, जिम हे सहा आठवड्यांच्या तपासणीआधी नाही, आणि पुढेही बेताबेताने.

स्कूटीचा प्रश्न सगळ्याच विचारतात, नागपुरात तिच्याशिवाय पान हलत नाही. साधारण सहा आठवडे थांबा. नंतरही आधी उभ्या गाडीवर बसून बघा: दोन्ही ब्रेक झटक्यात दाबले, गाडी एका पायावर तोलली, स्टँडवरून काढली, तर टाक्यात दुखतं का? दुखत असेल तर अजून नाही.

सहाव्या आठवड्याची तपासणी

बाळाचं दीड महिन्याचं लसीकरण आणि तुमची तपासणी एकाच सुमाराला येते. बाळाची लस कोणी चुकवत नाही, आईची तपासणी अर्ध्या जणी चुकवतात असं वाटतं. दोन्ही एकाच फेरीत उरका. टाका, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पोटाच्या मधल्या स्नायूंतली फट दाखवून घ्या. खोकताना लघवी होत असेल तर तेही सांगा, त्याला उपचार आहेत. शरीरसंबंध कधी हेही विचारा. स्राव थांबलेला आणि तुमचं मन तयार असेल तेव्हा, साधारण सहा आठवड्यांनंतर, असंच उत्तर बहुतेक मिळेल.

गर्भनिरोधनाचं त्याच दिवशी ठरवा. दूध पाजताना पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, याची खात्री नाही. गर्भाशयावरच्या व्रणाला भरायला वेळ लागतो, म्हणून पुढचे दिवस राहण्याआधी निदान दीड वर्ष जाऊ द्यावं. सिझरच्या वेळीच तांबी बसवली असेल तर ती जागेवर आहे का ते या भेटीत बघतात.

"एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" असं नसतं. पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं की नाही हे बऱ्याच अंशी गर्भाशयावर छेद कसा घेतला होता आणि सिझर कशासाठी करावं लागलं होतं यावर अवलंबून असतं. कातडीवरची रेघ बघून आतला छेद कळत नाही, तो फक्त ऑपरेशनच्या नोंदीत असतो. त्यामुळे डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स काढा, फोनमध्ये फोटो ठेवा, आणि मूळ कागद बाळाच्या लसीकरण कार्डाच्या फाइलमध्ये लावून टाका. माहेरून सासरी जाताना ती फाइल सोबत घ्या.